उन्हाळ्यातल्या कुंड्या: ऊन सोसणारी आणि मधमाशा-फुलपाखरांना पोसणारी फुलझाडं

मार्चअखेरीस नर्सरीत गेलात तर पिटुनिया, डायँथस, पँझी अजून भरभरून फुललेली असतात आणि हात आपोआप तिकडेच जातो. ही सगळी थंडीची झाडं. एप्रिलचं ऊन तापलं की ती माना टाकतात, आणि पहिल्यांदाच बाग करणाऱ्याला वाटतं की आपल्या हाताला झाड लागत नाही. दोष हाताचा नसतो, हंगाम चुकलेला असतो. महाराष्ट्रातल्या एप्रिल-मेमध्येही रोज फुलणारी झाडं आहेत, ती स्वस्त आहेत, आणि त्यातली बरीच मधमाशा-फुलपाखरांच्या पोटापाण्याची सोय करतात.

मात्र ऊन सोसणं ही एक परीक्षा आणि कीटकांना खायला देणं ही दुसरी. पहिलीत पास झालेलं झाड दुसरीत पास होईलच असं नाही. कण्हेर नागपूरच्या पंचेचाळीस अंशांतही हसत असते, पण तिच्या फुलात मकरंदच नसतो. पांढऱ्या चाफ्याचंही तसंच. रात्री वासाला भुलून पतंग येतात आणि उपाशी परततात. बोगनवेलीचे रंगीत भाग म्हणजे पानंच. खरी फुलं आतली इवली पांढरी नळी, तिथे एखादं फुलपाखरू टेकतं, मधमाशी सहसा नाही. ही झाडं लावू नका असं मी म्हणत नाही. पण कुंड्या चार-पाचच ठेवायच्या असतील तर प्रत्येक कुंडीने दोन्ही परीक्षा पास केलेल्या बऱ्या.

१. आधी ऊन बघा, तेही उन्हाळ्यातलं

इथे नवख्यांची हमखास फसगत होते. डिसेंबरात दक्षिणेकडच्या बाल्कनीत दिवसभर ऊन असतं, म्हणून माणूस तिथे ऊन लागणारी झाडं लावतो. मेमध्ये सूर्य आपल्या डोक्यावर येतो. मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस असतो. म्हणजे वर दुसऱ्या मजल्याचा स्लॅब असेल तर त्याच दक्षिणेच्या बाल्कनीत मेमध्ये थेट ऊन जवळजवळ पोचतच नाही. उलट पश्चिमेची बाल्कनी दुपारी दोननंतर भाजून निघते, आणि उघड्या गच्चीवर सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत सुटका नसते.

म्हणून एप्रिलमधल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ८, ११, दुपारी २ आणि ५ वाजता जागा बघा आणि कुठे थेट ऊन पडतं ते लिहून ठेवा. पाच-सहा तासांपेक्षा जास्त ऊन असेल तर झिनिया, पिवळा कॉसमॉस, गलांडा, ऑफिस टाइम (पोर्टुलाका). सकाळचं तीन-चार तासांचं ऊन आणि मग सावली असेल तर पेंटास, अबोली, सदाफुली, तुळस. थेट ऊन अजिबातच नसेल तर फुलझाडांच्या मागे न लागता कीटकांसाठी नुसती पाण्याची थाळी ठेवा. तेही मोठं काम आहे.

२. कुंडी आणि माती

जमिनीतल्या झाडाची मुळं खाली गारव्यात जाऊ शकतात. कुंडीतल्या मुळांना पळायला जागा नसते. ऊन एका बाजूने कुंडीच्या भिंतीवर आणि खालून तापलेल्या स्लॅबमधून येतं. पातळ काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला मेमध्ये दुपारी तीनला पश्चिमेच्या बाजूने हात लावून बघा, हात टिकत नाही. मुळं त्या भिंतीलाच चिकटून वाढलेली असतात.

मातीची कुंडी भिंतीतून पाणी बाहेर सोडते आणि त्यामुळे आतली माती गार राहते, पण ती सुकतेही लवकर. दिवसातून दोनदा पाणी घालायला घरी माणूस असेल तर मातीची कुंडी घ्या. नोकरीमुळे ते जमणार नसेल तर पांढरी किंवा फिक्या रंगाची जाड प्लॅस्टिकची कुंडी किंवा पांढरी ग्रो बॅग घ्या. काळ्या कुंड्या असतीलच तर बाहेरून पांढरा चुना फासा किंवा गोणपाट गुंडाळा. आणि कुठलीही कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नका. दोन विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर ठेवली की खालून हवा खेळते.

उन्हाळ्यात लहान कुंडी हा तोट्याचा सौदा आहे. ऑफिस टाइमला उथळ, सहा इंचांची चालते. बाकीच्यांना किमान दहा, शक्यतो बारा इंच द्या. बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट वीसेक किलो भरते, त्यामुळे ती ग्रिलवर किंवा कठड्यावर टांगायची नाही, खालीच ठेवायची. मे-जूनच्या वादळी वाऱ्यात वरच्या मजल्यावरून कुंडी पडली तर खाली माणूस असतो.

मातीचं प्रमाण सोपं आहे. दोन भाग लाल किंवा पोयटा माती, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते भिजवून एकदा पिळून घ्यावं. नुसती काळी माती वापरू नका. ती वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेला फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. वरून माती ओली दिसते, मुळं मात्र कोरडी राहतात. ऑफिस टाइमसाठी कोकोपीटऐवजी जाडी वाळू घाला. भरताना वरचा दीड-दोन इंच भाग रिकामा सोडा, पाणी तिथेच थांबून जिरायचं असतं.

३. झाडं कोणती?

सुरुवात तीन झाडांनी करा. माझं मत विचाराल तर उघड्या गच्चीसाठी ऑफिस टाइम, एकेरी (पाकळ्यांची एकच रांग असलेली) झिनिया आणि सब्जा.

ऑफिस टाइम, म्हणजे पोर्टुलाका, काही जण चिनी गुलाब म्हणतात. शेजाऱ्यांकडून चार इंचांच्या काड्या मागून आणा, मातीत खोचा, महिन्याभरात फुलं येतात. सकाळी ऊन चढलं की ती उघडतात आणि दुपारनंतर मिटतात. मधमाशांची गर्दी बघायची असेल तर दहा-साडेदहाला बघा. एकेरी फुलाच्या मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. त्याला काडीचं टोक हलकेच लावलं तर पुंकेसर त्या काडीच्या दिशेने झुकतात. माशी आत शिरली की नेमकं हेच होतं, आणि ती पिवळ्या परागाने माखून बाहेर येते. मुलांना हे दाखवाच. फक्त रोप घेताना गुलाबासारखं गच्च भरलेलं डबल फूल घेऊ नका. त्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, माशीला काही उरत नाही.

झिनियाचं बी फेब्रुवारी-मार्चमध्ये थेट कुंडीत टाका, दोन महिन्यांत फुलतं. एकेरी किंवा निमडबल जात घ्या. बाहेरच्या रंगीत पाकळ्यांच्या आत, मधल्या बोंडाभोवती इवल्या पिवळ्या चांदण्यांचं कडं दिसतं. ती प्रत्येक चांदणी म्हणजे एक वेगळं फूल, आणि प्रत्येकात मकरंद. रोज नवं कडं उमलतं, म्हणून एकच झिनिया कितीतरी दिवस फुलपाखरांना पुरते. पूर्ण डबल झिनियात हा मधला भाग झाकलेला असतो. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, एका फुलाच्या जागी चार येतील. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत झिनियाच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी येते. तिथे रोपं दाटीने लावू नका आणि पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घाला.

सब्जा नर्सरीतून आणायचीही गरज नाही. किराणा दुकानातलं फालुद्याचं बी सहसा उगवतं. त्याच्या तुऱ्यांवर फुलोरी माश्या, म्हणजे लहान जातीच्या मधमाशा, अशा तुटून पडतात की बाकीच्या कुंड्या विसरून जातात. तुळशीचंही तसंच. तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्यात म्हणजे झाड भरगच्च राहतं, हे खरंच आहे. वृंदावनातल्या तुळशीच्या जरूर खुडा. पण एखादी जादा तुळस दुसऱ्या कुंडीत लावून तिच्या मंजिऱ्या फुलू द्या. मधमाशांसाठी याहून सोपं आणि भरवशाचं झाड मला माहीत नाही. स्वयंपाकघरातले धणेही असेच उपयोगी. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते म्हणून आपण हळहळतो, पण त्या पांढऱ्या छत्र्या लहान माश्यांना फार आवडतात.

गलांडा, म्हणजे हारांमधला लाल-पिवळा गॅलार्डिया, कोरडवाहू शेतकऱ्याचं फूल आहे. पाणी एखाद्या दिवशी चुकलं तरी रुसत नाही. विदर्भ-मराठवाड्यात राहात असाल तर हा आणि पिवळा-नारिंगी कॉसमॉस आधी लावा. दोघांनाही खत जास्त झालं की पानंच वाढतात आणि फुलं कमी येतात, म्हणून हात आखडता ठेवा.

सदाफुली ऊन, पाऊस, दुर्लक्ष सगळं सोसते. तिच्या फुलाचा गळा अरुंद आणि खोल असतो, त्यामुळे तिथे लांब सोंडेची फुलपाखरं आणि पतंग येतात, मधमाशा फारशा नाहीत. नुसत्या सदाफुल्या लावून "आमच्याकडे माश्या का येत नाहीत" असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर. फुलपाखरांसाठीच अर्ध्या सावलीत पेंटास आणि अबोली लावा. कोकणात आणि गोव्यात अबोली हवेला सरावलेली आहे, त्या पट्ट्याबाहेर उन्हात ठेवली तर मात्र पानं करपतात.

गोकर्ण वेल ग्रिलवर चढवा, एकेरी निळी किंवा पांढरी. या फुलाची ठेवण उलटी आहे. पराग वरच्या बाजूला असतात आणि आत शिरणाऱ्या माशीच्या पाठीला लागतात. मोठे काळे भुंगे त्यावर आले की वेल अक्षरशः हलते. पानांना बटणाच्या मापाने कापल्यासारखे गोल काप पडलेले दिसले तर घाबरू नका, फवारूही नका. पानकापी माशी घरट्याला अस्तर लावायला ते तुकडे नेते. वेलीचं काही बिघडत नाही.

संध्याकाळी घरी परतणाऱ्यांसाठी गुलबक्षी. चार-पाचनंतर उमलते आणि अंधार पडला की मोठे पतंग तिच्यासमोर हवेत तरंगत सोंड घालून मकरंद पितात. जमिनीत तिचा कंद राहतो, दरवर्षी परत येते. तिची बी मात्र विषारी असते, लहान मुलांच्या तोंडात जाणार नाही एवढं बघा. जास्वंद हवीच असेल तर एकेरी लाल. तिच्यावर शिंजीर पक्षी येतो.

घाणेरीबद्दल सावध राहा. फुलपाखरांना ती आवडते यात शंका नाही, आणि ऊन तर तिच्या खिजगणतीत नाही. पण पक्षी तिची काळी फळं खाऊन बी रानात टाकतात आणि आपल्या जंगलांत तिने आधीच भरपूर जागा अडवली आहे. पेंटास असताना ती लावायची गरज नाही. आधीच लावलेली असेल तर हिरवी फळं दिसताच कापून टाका.

झेंडूचं काय? भरगच्च हजारी झेंडू हारासाठी उत्तम, माशीसाठी जवळजवळ कुलूपबंद. मधला भाग उघडा असलेला लहान झेंडू मिळाला तर घ्या.

४. नर्सरीत कसं निवडायचं

सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान जा आणि पाच मिनिटं नुसते उभे राहा. ज्या रोपावर माश्या, फुलपाखरं बसताहेत ते रोप घ्या. पिशवीवरचं नाव, विकणाऱ्याचं कौतुक किंवा मोबाइलवरचा फोटो यांपेक्षा ही कसोटी खरी आहे.

मग रोप उचलून पानांची खालची बाजू बघा. कापसासारखा पिठ्या ढेकूण, बारीक जाळी म्हणजे लाल कोळी, चिकट मावा, यातलं काही असेल तर ते रोप नको. फुलांनी लगडलेल्यापेक्षा कळ्या असलेलं ठेंगणं रोप बरं. आणि एक प्रश्न जरूर विचारा, "याला कुठलं औषध मारलंय?" इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात मिसळतात आणि पुढे मकरंद-परागातही उतरतात. आपण माश्यांसाठी म्हणून लावलेलं झाड त्यांनाच विष पाजू शकतं. उत्तर गुळमुळीत आलं तर बी आणि काड्यांचा मार्ग धरा. बहुतेक झाडांना तो पुरेसा आहे.

नर्सरीतली रोपं हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. घरी आणल्या आणल्या गच्चीवरच्या उन्हात ठेवलीत तर पानं दोन दिवसांत करपतील. पाच-सहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन. कुंडी बदलायची ती संध्याकाळी, आणि मातीचा गोळा न फोडता.

५. कुंड्या मांडताना

कुंड्या एकमेकींना चिकटून, गटाने ठेवा. मोठ्या कुंड्या पश्चिमेला आणि लहान त्यांच्या आडोशाला ठेवल्या तर दुपारचं ऊन मोठ्या झेलतात. एकाच जातीच्या तीन-चार कुंड्या शेजारी ठेवा. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच प्रकारच्या फुलांवर फिरते, आणि रंगाचा मोठा ठिपका तिला लांबून सापडतो. मातीवर वाळका पाला, नारळाचा काथ्या किंवा उसाचं पाचट दोन इंच पसरा, बुंध्याला मात्र टेकू देऊ नका. विदर्भात मेमध्ये दुपारपुरती पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, हिरवी जाळी लावावी लागते, गलांड्यालासुद्धा. जाळी वर ताणा आणि बाजू उघड्या सोडा, नाहीतर माश्या आत येणार कशा?

६. पाणी

सकाळी आठच्या आत, भरपूर, कुंडीच्या खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. संध्याकाळी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. कोरडं लागलं तरच पुन्हा. दुपारी दोनला पानं लोंबली म्हणून धावत जाऊन पाणी घालू नका. कडक उन्हात झाड पानं सैल सोडतं आणि संध्याकाळी सावरतं. संध्याकाळी सातलाही लोंबलेलीच असतील तेव्हा खरी तहान.

गच्चीवरच्या टाकीतून आणि उन्हात पडलेल्या पाइपमधून दुपारी येणारं पाणी चटका बसण्याइतकं गरम असतं. पाइप लावायच्या आधी पहिलं पाणी बादलीत सोडा आणि हात घालून बघा. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका, डास होतात.

माश्यांनाही पाणी लागतं, पोळं गार ठेवायला ते वाहून नेतात. पसरट मातीच्या थाळीत गोटे भरा आणि गोट्यांची डोकी वर राहतील एवढंच पाणी घाला. खोल भांड्यात त्या बुडतात. पाणी रोज बदला. शेजारी ओल्या वाळूची एक बशी ठेवलीत तर फुलपाखरं क्षार चोखायला बसतील.

७. कीड आणि पाहुणे

एप्रिल-मेमध्ये लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण हमखास येतात. पाण्याची जोरदार धार पानांच्या खालून मारा, लागोपाठ तीन-चार सकाळी. पिठ्या ढेकूण कापसाने पुसून काढा. तेवढ्याने भागलं नाही तर निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी, पण सूर्य मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर, आणि उमललेल्या फुलांवर नाही.

कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं तर ते झटकू नका. तो फुलपाखराचा कोवळा सुरवंट असतो, पुढे तो हिरवागार होतो. चार-सहा पानं खाईल, झाड पुन्हा फुटेल. नीलवंत हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, २०१५ साली ते जाहीर झालं, आणि त्याचे सुरवंटही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. फुलांवर मोठी फुलपाखरं हवी असतील तर पानं खाणारी पिल्लंही चालवून घ्यावी लागतात.

"मधमाशा येतील, मुलांना चावतील" ही भीती सगळ्यांनाच असते. फुलावर आलेली माशी कामात असते. चिरडली किंवा मुठीत धरली नाही तर ती डंख मारत नाही. ग्रिलला तळहाताएवढं एकच पोळं लटकलेलं दिसलं तर ते बहुधा फुलोरीचं असतं, आणि ती शांत असते. धूर करू नका, राहू द्या. आग्या माशीचं मोठं पोळं असेल तर स्वतः काही न करता जाणकाराला बोलवा. घरात कुणाला डंखाची तीव्र ॲलर्जी असेल तर फुलांच्या कुंड्या दार-खिडकीपासून लांब, गच्चीच्या कडेला ठेवा.

कधी काय करायचं

फेब्रुवारी-मार्चमध्ये झिनिया, कॉसमॉस, गलांडा, सब्जा पेरा. मार्चमध्ये ऑफिस टाइमच्या काड्या खोचा. एप्रिलमध्ये तयार रोपं आणा आणि जाळीची सोय करा. मेमध्ये नवी लावणी, कुंडी बदलणं, जोरदार छाटणी आणि रासायनिक खत चारही टाळा. फक्त पाणी घाला आणि वाळलेली फुलं काढत राहा. एप्रिलअखेर झिनियाची दुसरी पेर केलीत तर पहिली थकेपर्यंत दुसरी तयार होते. प्रत्येक जातीची दोन-तीन चांगली फुलं झाडावरच वाळू द्या, बी कागदी पाकिटात भरून त्यावर नाव आणि महिना लिहा. मृगाचा पाऊस सुरू झाला की ऑफिस टाइमच्या कुंड्या आधी छपराखाली घ्या, कारण तिची मुळं सगळ्यांत लवकर कुजतात. मग बाकीच्यांवरचं आच्छादन काढून कुंड्यांची भोकं मोकळी आहेत का ते काडी घालून तपासा.